चित्र आणि ध्वनि : ही विद्या कोठें शिकावी?

जालना जिल्ह्यांत परतूर नांवाचें एक तालुक्याचें गांव आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी आगगाडी जालना सोडून सेलू-परभणीकडे निघाली म्हणजे वाटेंत हें स्थानक लागतें. १९८१ च्या मे महिन्यांत जालना जिल्हा निराळा झाला, त्यापूर्वीं हा तालुका परभणी जिल्ह्यांत मोडत असे. आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. अशा गांवांतील एखादी मुलगी बारावीची परीक्षा उतरल्यावर घरीं सांगते कीं, मला चित्रीकरण, ध्वनिमुद्रण आणि संकलन यांचें शिक्षण घ्यावयाचें आहे. त्यासाठीं संभाजीनगरास किंवा पुण्यास कॉलेजांत जावयाचें आहे. घरांतील वडील माणसांस यांत वावगें कांहीं वाटत नाहीं, पण एक साधा प्रश्न पडतो. हातांतल्या मोबाईलवर चित्र घेतां येतें, आवाज घेतां येतो, दोन्ही कापतां-जोडतां येतात. मग फी भरून तीन वर्षें शिकायचें तें काय?

हा प्रश्न अडाणीपणाचा नाहीं. महाराष्ट्रांत चलच्चित्र आलें तेव्हांपासून तो निरनिराळ्या रूपांनीं विचारला गेला आहे, आणि त्याचीं उत्तरेंही काळाप्रमाणें बदलत गेलीं आहेत. या उत्तरांचा इतिहास पाहतांना एक गोष्ट मला पुन्हां पुन्हां आढळते. विद्यार्थी कोणतीही विद्या चुका करीतच शिकतो. चित्रकाराची चूक कागद फाडून संपते, गवयाची चूक हवेंत विरून जाते. चित्रपटाच्या विद्येंत मात्र प्रत्येक चुकीला रोकड मोजावी लागत असे, कारण एकदां प्रकाश लागलेली फिल्म पुन्हां वापरतां येत नाहीं. तेव्हां ही विद्या कोणाच्या वांट्याला आली आणि कोणाच्या आली नाहीं, हें ठरविणारा प्रश्न बुद्धीचा किंवा आवडीचा नव्हता. चुकीची किंमत कोणीं भरावी, हाच खरा प्रश्न होता.

७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंच्या माणसानें पडद्यावर हलतीं चित्रें दाखविलीं. मुंबईंत छायाचित्रांचा धंदा करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांना या नव्या यंत्राची गोडी लागली आणि त्यांनीं लंडनहून २१ गिनींचा कॅमेरा मागविला. शिकविणारा कोणी नव्हता. १८९९ मध्यें त्यांनीं हँगिंग गार्डनमध्यें दोन पहिलवानांची कुस्ती चित्रित केली, पण फिल्म धुण्यासाठीं विलायतेस पाठवावी लागली. म्हणजे आपलें काय साधलें आणि काय फसलें, हें कळावयास या विद्यार्थ्याला बोटीची जाण्यायेण्याची फेरी पुरी होईतों थांबावें लागलें. १९०१ च्या डिसेंबरांत केंब्रिजहून रँग्लर होऊन आलेल्या रघुनाथराव परांजप्यांचें मुंबईंत थाटानें स्वागत झालें. तेंही सावेदादांनीं टिपलें. जगांतील एका नामांकित विद्यापीठाचा मानकरी पडद्यावर आणि ज्या विद्येची शाळाच कोठें नाहीं ती आपली आपण शिकलेला माणूस कॅमेऱ्यामागें, हा योग मला मोठा मौजेचा वाटतो.

धुंडिराज गोविंद फाळके यांची गोष्ट निराळी. ते चित्रपटाकडे वळले तेव्हां चाळिशी गांठली होती आणि तोंपर्यंत त्यांचें बरेंच शिक्षण झालें होतें. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेला हा मुलगा १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाला आणि १८९० मध्यें बडोद्याच्या कलाभवनांत गेला. या कलाभवनाची आठवण आज फारशी कोणी काढीत नाहीं, म्हणून थोडें सांगतों. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानें त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञानें तें त्याच वर्षीं सुरू केलें. कला आणि उद्योग एका छपराखालीं शिकवावे, आणि तेही देशी भाषेंतून शिकवावे, असा गज्जरांचा आग्रह होता. शास्त्रीय शब्द गुजरातींत घडविण्याचें कामही त्यांनीं अंगावर घेतलें होतें. फाळक्यांस चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचे प्रयोग करावयास येथें वाव मिळाला. इंग्रजीच्या उंबऱ्यावर न अडखळतां यंत्राशीं आणि रसायनांशीं ओळख व्हावी, ही कल्पना त्या काळीं एका संस्थानिकाला सुचली आणि ती अंमलांत आली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

चित्रपटाची विद्या मात्र कलाभवनांतही नव्हती. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून फाळक्यांस ध्यास लागला, तेव्हां त्यांनीं पुस्तकें जमवून आणि चित्रपट पुन्हां पुन्हां पाहून इतका डोळेफोडीचा अभ्यास केला कीं कांहीं काळ दृष्टि जाण्याची पाळी आली. पुढें आयुष्याचा विमा गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारींत ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' नांवाच्या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनीं प्रथम त्यांस या नादांतून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला आणि मग सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेंत जाण्याची वाट मोकळी करून दिली. दोन महिन्यांच्या आंत फाळके विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोंकें पाडण्याचें यंत्र यांची व्यवस्था करून परत आले. त्या काळीं कच्ची फिल्म भोंकांशिवाय येई. तीं भोंकें अंधारांत बसून पाडावीं लागत. हें काम पत्नी सरस्वतीबाई करीत. दिवसां मंडळींचा स्वयंपाक, उन्हांत पांढरी चादर धरून नटाच्या तोंडावर प्रकाश पाडणें, रात्रीं फिल्मला भोंकें आणि रसायनांचें मिश्रण, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. आपल्याकडे चित्रपटाच्या तांत्रिक कामांत शिकून तयार झालेली पहिली व्यक्ति कोण, असें विचारल्यास मी या बाईंचें नांव सांगेन. त्यांस कोणी प्रमाणपत्र दिलें नाहीं.

भांडवलवाल्याची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनीं एका कुंडींत वाटाणे पेरले आणि अंकुर फुटून रोपटें वाढतें तें रोज थोडें थोडें चित्रित केलें. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणांत झाली. हा प्रयोग म्हणजे खरोखर एखाद्या विद्यार्थ्याचा परीक्षेचा लघुपट होता, आणि त्यावर पैसा उभा राहिला. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कोरोनेशनमध्यें 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. पुढें १९२७-२८ मध्यें सरकारनें रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं चित्रपटधंद्याची चौकशी करण्यास समिति नेमली, तेव्हां या विद्येची शाळा हिंदुस्थानांत निघाली पाहिजे, तेथें छायाचित्रण, अभिनय, पटकथालेखन हे विषय शिकविले पाहिजेत, असें फाळक्यांनीं तिच्यापुढें सांगितलें. विम्याचा कागद गहाण ठेवून शिकलेल्या माणसाच्या तोंडीं ही मागणी शोभून दिसते. १९४४ च्या फेब्रुवारींत नाशिकास त्यांचा अंत झाला.

शाळा नव्हती, पण कारखाना होता. कोल्हापुरास बाबूराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगविणारे कारागीर. मुंबईच्या बाजारांतून जुना प्रोजेक्टर आणून, त्याचा एक एक भाग उकलून, लेथवर दांते कापून त्यांनीं स्वतःचा कॅमेरा बनविण्याचा घाट घातला. १९१६ सालीं आनंदराव वारले. तरी बाबूरावांनीं काम सोडलें नाहीं. महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली आणि १९२० मध्यें 'सैरंध्री' पडद्यावर आली. या कंपनींत विष्णुपंत दामले आले, फत्तेलाल आले, केशवराव धायबर आले, आणि शांताराम वणकुद्रे हा मुलगाही आला. हा शांताराम त्यापूर्वीं गंधर्व नाटक मंडळींत आणि रेल्वेच्या कारखान्यांत राबलेला, चित्रपटगृहाच्या दारावर उभा राहिलेला. यांपैकीं कोणाच्याही पदरीं मोठी पदवी नव्हती.

येथें शिक्षण कसें चाले? कोणी व्याख्यान देत नसे. झाडझूड करावी, देखावे रंगवावे, गरज पडल्यास तोंडाला रंग लावून उभें राहावें, फिल्म धुवावी, वाळवावी, आणि बाबूरावांचा हात कोठें जातो तिकडे डोळा ठेवावा. 'विद्या डोळ्यांनीं चोरावी' हें आपल्या कारागिरांचें जुनें ब्रीद तेथें अक्षरशः पाळलें जाई. चुकीची किंमत मालक भरी. म्हणून चुकणारा बोलणीं खाई, पण बाहेर फेंकला जात नसे. १९२५ च्या 'सावकारी पाश' या चित्रपटांत कर्जापायीं जमीन गमावून शहरांत मजूर झालेला शेतकरी दिसतो. त्याची भूमिका शांतारामांनीं केली. दिग्दर्शन शिकणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर उभें राहण्याचा असा अनुभव मिळावा, याचें महत्त्व आजच्या अभ्यासक्रमांनीं पुन्हां ओळखलें आहे.

या पद्धतीचें कौतुक करतांना आपण तिचा दोष झांकूं नये. कारखान्यांतील विद्या कारखान्याबाहेर जात नसे. आंत शिरावयास ओळख लागे, गांव जवळ लागे, आणि घरच्यांनीं दोन-तीन वर्षें मुलाच्या कमाईवांचून निभावून न्यावें लागे. परतूरच्या मुलानें कोल्हापूरच्या त्या दारांत जाऊन उभें राहावें, हें त्या काळीं स्वप्नांतही संभवनीय नव्हतें. शिवाय गुरूला जें येत नाहीं तें शिष्याला येण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे वेगळें होणें. १ जून १९२९ रोजीं दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनीं सीताराम कुलकर्णी यांच्या साह्यानें 'प्रभात' स्थापन केली, ती या अर्थानें एका पाठशाळेंतून फुटून निघालेली दुसरी पाठशाळाच होती.

तेवढ्यांत ध्वनि आला, आणि जे शिकून बसले होते त्यांनाही पुन्हां पहिलीच्या वर्गांत बसावें लागलें. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिकमध्यें 'आलमआरा' लागला. त्याचे निर्माते अर्देशीर इराणी यांनीं तानार नांवाचें यंत्र आणविलें होतें. त्यांत चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळीं उतरत. यंत्राबरोबर विल्फर्ड डेमिंग नांवाचा अमेरिकन तंत्रज्ञ आला. त्याचा मेहनताना रोजचे १०० रुपये. त्या काळचा हा आंकडा ऐकून कोणाच्याही छातींत धस्स व्हावें! इराण्यांनीं व्यवहारी माणसाप्रमाणें त्याच्यापाशीं जेवढें शिकतां येईल तेवढें झटपट शिकून घेतलें आणि पुढचें ध्वनिमुद्रण आपल्या साहाय्यकाच्या मदतीनें स्वतःच केलें. मला वाटतें, ध्वनिमुद्रणाची आपल्याकडील ही पहिली शिकवणी, आणि तिची फी विद्यार्थ्यानें रोजच्या रोज मोजली.

या चित्रपटाची दुसरी हकीकत परतूरकरांस विशेष समजेल. इराण्यांची चित्रशाळा रेल्वेच्या रुळांजवळ होती. मूकपटाच्या काळांत गाडी गेली काय आणि न गेली काय, कॅमेऱ्याला तिचें सोयरसुतक नव्हतें. आतां मात्र नटाच्या वाक्याबरोबर इंजिनाचा धडधडाटही फिल्मवर उतरूं लागला. म्हणून मध्यरात्र उलटल्यावर, गाड्या थांबल्या म्हणजे, पहांटेपर्यंत चित्रीकरण चाले. मायक्रोफोन नटांच्या आसपास दडवून ठेवीत. स्थानकाजवळ राहणाऱ्या माणसाला गाडीचा आवाज कांहीं दिवसांनीं ऐकूं येईनासा होतो, हा आपला नित्याचा अनुभव आहे. कान तो आवाज गाळून टाकतो. यंत्र गाळीत नाहीं. ध्वनिविद्येचा आरंभ येथें होतो: आपला कान जें ऐकावयाचें सोडून देतो तें मुद्दाम ऐकावयास शिकणें. आज मोबाईलवर घेतलेल्या मुलाखतींत पंख्याची घरघर का शिरते, याचें उत्तर १९३१ च्या त्या रात्रींत आहे.

'प्रभात'मध्यें ध्वनीची बाजू दामल्यांनीं उचलली. पडदे रंगविण्याच्या कामांत वाढलेला हा मनुष्य आतां ध्वनिमुद्रक झाला. १९३२ मध्यें 'अयोध्येचा राजा' मराठींत आणि हिंदींत निघाला, १९३३ मध्यें कंपनी पुण्यास आली, आणि १९३६ चा 'संत तुकाराम' पुढील वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला. त्याच काळांत या धंद्याला मराठी शब्द मिळाले. चित्रपट, बोलपट, दिग्दर्शक, संकलन हे शब्द आज आपण सहज वापरतों. असे कांहीं शब्द रूढ होण्याचें श्रेय सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीस दिलें जातें. कामाला आपल्या भाषेंत नांव असलें म्हणजे तें काम आपलें वाटूं लागतें, हें मात्र वादातीत आहे.

या साऱ्या काळांत परतूर कोठें होतें? तें हैदराबाद संस्थानांत होतें, आणि तेथें उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्यें निघालेल्या उस्मानिया विद्यापीठानें शास्त्रें सुद्धां उर्दूंतून शिकविलीं आणि त्यासाठीं भाषांतराचें एक मोठें खातें चालविलें. इंग्रजीचें जोखड झुगारून देणारा हा प्रयोग खरोखर धाडसाचा होता. पण मराठवाड्यांतील मुलाला ती भाषाही घरची नव्हती. नभोवाणीच्या बाबतींत तसेंच झालें. मुंबईचें केंद्र १९२७ च्या जुलैंत सुरू झालें. निजाम सरकारनें १९३५ मध्यें हैदराबादचें केंद्र आपल्या हातीं घेतलें आणि पुढें औरंगाबादेसही केंद्र निघालें. हीं दोन्ही १९५० च्या एप्रिलमध्यें आकाशवाणींत सामील झालीं. परतूर ज्या जिल्ह्यांत होतें त्या परभणीस स्वतंत्र केंद्र मिळण्यास १९६८ साल उजाडलें.

नभोवाणीचा उल्लेख मी दुसऱ्याही एका कारणासाठीं करतों. आरंभीं भाषणें, गाणीं, श्रुतिका सारें थेट प्रक्षेपित होई. चूक झाली कीं ती त्याच क्षणीं हजारों घरांत पोंचे. चुंबकीय टेप आल्यावर प्रथमच असें झालें कीं चुकलेलें पुसून त्याच टेपवर पुन्हां घेतां येऊं लागलें. फिल्मच्या मानानें ही चूक जवळजवळ फुकट होती. जिल्ह्याच्या गांवीं नैमित्तिक निवेदक म्हणून गेलेल्या कॉलेजच्या मुलामुलींना कागद न वाजवितां पान कसें उलटावें, मायक्रोफोनपासून किती अंतरावर बसावें, वाक्याच्या शेवटीं आवाज कां पाडूं नये, हें ज्येष्ठांच्या शेजारीं बसून कळलें. मराठवाड्यांतील अनेकांची या विद्येची पहिली शाळा हीच होय.

चित्रपटाची शाळा मात्र दक्षिणेंत निघाली. बंगळूरच्या जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्यें चाळीसच्या दशकांत छायाचित्रण आणि ध्वनि यांचें शिक्षण सुरू झालें. पुढें गुरुदत्तांच्या चित्रपटांनीं विख्यात झालेले छायाचित्रकार व्ही. के. मूर्ति तेथूनच १९४६ सालीं बाहेर पडले. गोविंद निहलानीही तेथलेच. चित्रपटाची राजधानी मुंबई, त्याचें माहेर कोल्हापूर-पुणें, आणि शाळा बंगळुरास, अशी ही विचित्र वांटणी होती. १९४९ मध्यें स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या चौकशी समितीनें १९५१ मध्यें अहवाल दिला, त्यांत शिक्षणसंस्थेची शिफारस होती. १९५३ मध्यें 'प्रभात' बंद पडली. १९६० सालीं भारत सरकारनें फिल्म इन्स्टिट्यूट काढली ती त्याच 'प्रभात'च्या जागेंत. फाळक्यांच्या साक्षीनंतर सुमारें बत्तीस वर्षांनीं, आणि ज्यांना शाळा मिळाली नाहीं अशा माणसांनीं बांधलेल्या चित्रशाळेंत, ही शाळा भरली. १९७४ मध्यें दूरचित्रवाणीचें शिक्षणही दिल्लीहून येथें आलें.

या संस्थेनें दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे जगांतले चित्रपट पाहण्याची सोय; १९६४ मध्यें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास निघालें आणि ती सोय पक्की झाली. दुसरी अधिक मोलाची. विद्यार्थ्याच्या चुकीची किंमत आतां सरकार भरूं लागलें. फिल्म संस्थेची, दिवे संस्थेचे, प्रयोगशाळा संस्थेची. मुलानें दृश्य फसविलें तर तें वर्गांत पडद्यावर लावायचें आणि कां फसलें तें सर्वांनीं मिळून बोलायचें. कोल्हापूरच्या कारखान्यांत चुकीबद्दल बोलणीं बसत; येथें चुकीवर चर्चा होऊं लागली. शाळा आणि कारखाना यांतला फरक मला एवढाच दिसतो, पण तो लहान नाहीं. उणीव अशी राहिली कीं जागा थोड्या, अर्जदार साऱ्या देशाचे, आणि शिकविण्याची भाषा बव्हंशीं इंग्रजी. कलाभवनानें जो उंबरा काढून टाकला होता तो पुन्हां बसला.

म्हणून अहमदनगरची, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरची, हकीकत मला महत्त्वाची वाटते. सोलापूर जिल्ह्यांतील करमाळा तालुक्यांत जेऊर येथें वाढलेले नागराज मंजुळे यांनीं पुण्यास मराठींत एम. ए. केलें आणि नंतर अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजांत संज्ञापनशास्त्राचा अभ्यास केला. राजधानीचें नव्हे, जिल्ह्याच्या गांवचें कॉलेज. जेथून आपलें गांव एका दिवसांत गांठतां येतें असें. 'पिस्तुल्या' हा त्यांचा लघुपट या शिक्षणाच्या वाटेवरचा. शाळेंत जाण्याची ओढ असलेल्या, पण परिस्थितीनें चोरीकडे ढकललेल्या मुलाची ती कथा. २०१० सालच्या चित्रपटांसाठीं दिलेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिला सन्मान मिळाला. पुढें 'फँड्री' आणि 'सैराट' आले, ते सर्वांस ठाऊक आहेत. शिकण्याचें ठिकाण जवळ असलें म्हणजे विषयही जवळचे सुचतात, असें कोणी म्हटल्यास मी त्याच्याशीं वाद घालणार नाहीं.

आतां आपण परतूरच्या त्या मुलीकडे परत येऊं. डिजिटल यंत्रांनीं एक मोठी क्रांति केली आहे: चूक खरोखरच फुकट झाली आहे. सावेदादांना बोटीची वाट पाहावी लागली, ती मुलगी घेतलेलें चित्र त्याच क्षणीं पाहते आणि नको असल्यास पुसून टाकते. फाळक्यांनीं विमा गहाण टाकला, तिला तशी गरज नाहीं. मग आपल्या जुन्या प्रश्नाचा निकाल लागला काय? माझ्या मतें त्याचें रूप तेवढें पालटलें. पूर्वीं चूक महाग होती म्हणून माणूस दृश्य घेण्याआधीं विचार करी, आणि चूक झाली तर मालकापासून शिष्यापर्यंत सर्वांना ती दिसे. आतां चूक फुकट आहे, म्हणून ती कोणी दाखवून देत नाहीं. खिडकीकडे पाठ करून बसविल्यामुळें बोलणाऱ्याचा चेहरा काळा पडला, किंवा दोन तुकडे जोडतांना पाठीमागचा आवाज एकदम तुटला, हें मित्र सांगत नाहींत. त्यांना आवडलें एवढेंच ते सांगतात. ती मुलगी तीन वर्षांची फी भरणार ती यंत्रासाठीं नव्हेच. आपलें काम आपल्यासमोर लावून 'येथें चुकलें' म्हणणारा माणूस, आणि तें ऐकून घेण्याची सवय, यांसाठीं ती फी आहे. म्हणून कॉलेज निवडतांना वडील माणसांनीं तेथील कॅमेऱ्यांची संख्या विचारण्याऐवजीं हें विचारावें कीं, विद्यार्थ्यांचें काम वर्गांत किती वेळां लावतात, आणि त्यावर बोलणें कोणत्या भाषेंत होतें.

सोयी वाढल्या आहेत, हें नाकारतां येणार नाहीं. २०१४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानें व्यवसायशिक्षणाच्या पदवीची योजना आणली. पुण्याच्या इन्स्टिट्यूटनेंही २०१७ पासून देशांतल्या निरनिराळ्या शहरांत अल्पमुदतीचे वर्ग घेतले. परंतु भाषेचा प्रश्न तसाच आहे, आणि त्याचें एक उत्तर मला विद्यापीठांत नव्हे तर एका खेड्यांत सांपडतें.

परतूरप्रमाणेंच पूर्वीं निजामाच्या राज्यांत असलेला झहीराबादचा मुलूख आज तेलंगणांत आहे. तेथें डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था १९८३ पासून दलित स्त्रियांचे संघ चालविते. त्यांतील कांहीं शेतकरी बायांनीं नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस व्हिडिओ कॅमेरा हातीं घेतला. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. इंग्रजी परिभाषेचा तर प्रश्नच नव्हता. कॅमेरा वरून खालीं पाहतो तेव्हां माणूस दबलेला दिसतो, खालून वर पाहतो तेव्हां माणूस मोठा दिसतो, हें कोणत्याही कॉलेजांत पहिल्या महिन्यांत सांगतात. या बायांना तें सांगावें लागलें नाहीं. ओसरीवर बसलेला पाटील आणि अंगणांत उभा असलेला गडी एकमेकांकडे कसे पाहतात, हें त्या जन्मभर पाहत आल्या होत्या. म्हणून या दोन दृश्यांना त्यांनीं पाटील आणि गडी यांच्या नात्यावरूनच नांवें दिलीं. आणि डोळ्याला डोळा भिडवून, समोरासमोर, एका पातळीवरून घेतलेलें दृश्य? संघाच्या बैठकींत सगळ्या जणी जमिनीवर गोल करून बसतात, कोणी उंच नाहीं कीं कोणी खालीं नाहीं. त्यांनीं त्याला नांव दिलें 'संघम् शॉट'. १५ ऑक्टोबर २००८ रोजीं त्याच परिसरांत माचनूर येथें 'संघम् रेडिओ' सुरू झाला, आणि त्याचें ध्वनिमुद्रणही गांवच्याच मुलींनीं हातीं घेतलें.